सोनकीपाशी बसा, माशी येईल

गेल्या अंकात पावसाळी रानफुलांच्या फोटोंबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत फुलांपेक्षा फुलांवर बसणाऱ्या किड्यांचेच प्रश्न जास्त आहेत. दुखणं एकच: किडा थांबत नाही. मी साताऱ्यात एकतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढायला आई-बाप पोराला घेऊन यायचे आणि पोर दारातच भोकाड पसरायचं. त्याच्यामागे कॅमेरा घेऊन धावलं तर फोटो मिळत नाही. स्टूल मांडायचं, लाईट लावायचा आणि पोर आपणहून बसेपर्यंत थांबायचं. रानात मी हेच करतो. खालची बरीचशी उत्तरं त्यातूनच आली आहेत.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. नव्वद मिलिमीटरची जुनी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घेतली, कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फोटो उमटणारी आतली चिप लहान असलेला आहे. यवतेश्वरच्या रस्त्याला सोनकीच्या पिवळ्या रानफुलांवरच्या मधमाश्यांचे दोनशेच्या वर फोटो काढले, एकही धड आला नाही. ऑटोफोकस नुसता पुढेमागे होत राहतो. लेन्स खराब निघाली का? (कराड)

लेन्स उत्तम आहे. तू पाठवलेल्या आठ फोटोंतला तिसरा मोठा करून बघ. माशीच्या मागच्या पायावर परागाची पिवळी गोळी आहे आणि तिच्या कडेचा केस न् केस मोजता येतो. खराब लेन्सला हे जमत नाही. फोकस पायावर पडला, डोळ्यावर पडला नाही, एवढंच झालंय.

हे का होतं ते नीट समजून घे, म्हणजे स्वतःवर चिडणार नाहीस. मॅक्रो लेन्स पूर्ण जवळ नेली की वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकाराची उमटते. आपली सातेरी मधमाशी दहा-अकरा मिलिमीटरची. तुझा सेन्सर साधारण चोवीस मिलिमीटर रुंद. म्हणजे माशीनं जवळजवळ अर्धी चौकट भरली. पण एवढ्या जवळून लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं लहान ठेवलंस (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) तरी स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटरलाही कमी पडते. राजगिऱ्याचा एक दाणा डोळ्यांपुढे आण. तेवढ्याच जाडीच्या पापुद्र्यात माशीचा डोळा यायला हवा. वाऱ्यानं फूल हललं, तू श्वास घेतलास, माशीनं मान वळवली, की डोळा त्या पापुद्र्याबाहेर गेला.

मग सगळे म्हणतात, छिद्र अजून लहान कर, एफ २२ कर. नको. इतक्या जवळ लेन्सचं छिद्र आकड्यापेक्षा लहान असल्यासारखं वागतं. एफ ११ हे एफ २२ सारखं. त्याहून लहान केलंस तर प्रकाश पसरतो आणि सगळा फोटोच मऊ पडतो. त्यापेक्षा थोडा मागे सरक. माशी अर्ध्या आकारात येईल इतपतच जवळ जा. तेवढ्यानं स्पष्ट खोली अडीच मिलिमीटरच्या वर जाते. नंतर फोटो कापून मोठा करता येतो. माझे भिंतीवर लावलेले फोटो बहुतेक असेच अर्ध्या आकारावर काढलेले आहेत.

आता ऑटोफोकस बंद कर. लेन्सचं रिंग एका जागी ठरवून ठेव आणि त्याला पुन्हा हात लावू नकोस. फोकस करायचा तो अंगानं. मांडी घालून बस, कोपरं गुडघ्यांवर टेकव आणि कमरेतून हळूच पुढे झुक. डोळा लख्ख दिसला त्या क्षणी बटण. त्याच झुकण्यात तीन-चार फोटो सलग काढ, त्यातला एक लागतो. शिवाय कॅमेरा असा धर, की माशीची कूस तुझ्या सेन्सरला समांतर राहील. मग त्याच अडीच मिलिमीटरमध्ये डोळा, पंख आणि पाय तिन्ही बसतात.

फ्लॅशबद्दल तू विचारलं नाहीस, पण खरी मदत त्याचीच आहे. शटर १/२०० सेकंद ठेव, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) २०० ते ४००. फ्लॅशचा झोत हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि माशीची हालचाल तोच गोठवतो. उघडा फ्लॅश मात्र वापरू नकोस, माशीच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. पुठ्ठ्याचा नळा करून आतून चांदीचा कागद लाव, पुढे बटर पेपरचे दोन थर, आणि ते तोंड लेन्सच्या टोकावर झुकव. मागे नुसती खोल, सावलीतली दरी असेल तर पार्श्वभूमी काळी येते आणि दिवसाढवळ्या रात्र वाटते. म्हणून फुलाच्या मागे वीतभर अंतरावर गवत येईल अशा बाजूला बस.

आणि माशीच्या मागे फिरणं सोड. सोनकीचं फूल म्हणजे एक फूल नव्हे, मधल्या पिवळ्या चकतीत बारीक बारीक पुष्कळ फुलं असतात आणि ती कडेकडून आत उमलत जातात. म्हणून माशी त्यावर उतरली की गोल फिरते, दर फुलात तोंड घालते आणि दोन-चार सेकंद सहज रमते. तेरड्यावर ती अशी रमत नाही. तिथे मध फुलामागच्या वाकड्या नळीत असतो. आत शिरली, प्यायली, गेली. तेव्हा सुरुवात सोनकीवर कर. ताज्या उमललेल्या, उन्हातल्या एका झुबक्यासमोर वीस मिनिटं बस. पहिली पाच मिनिटं काही येत नाही, कारण तुझी सावली आणि चाहूल नवी असते. मग येऊ लागतात. माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता तेव्हा छत्तीसच फोटो असायचे. पुढच्या रविवारी तूही छत्तीसच काढ.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून विचार सोडला. घरी किट लेन्सचा (सोबत मिळालेल्या साध्या लेन्सचा) कॅमेरा आहे, आणि वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा कपाटात पडून आहे, त्याला ५० मिलिमीटरची लेन्स आहे. काही करता येईल का? (मिरज)

ताई, वडिलांची लेन्स बाहेर काढा. तिच्यावर छिद्र लहानमोठं करायचं रिंग असेल, आजच्या बऱ्याच लेन्सवर ते नसतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. ही लेन्स उलटी करून, म्हणजे पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे करून लावायची. त्यासाठी रिव्हर्स रिंग मिळते. घेताना लेन्सच्या तोंडाचा व्यास बघा, बहुधा ४९ किंवा ५२ मिलिमीटर असेल. अशी उलटी लेन्स किडा साधारण आहे त्या आकारात दाखवते. एफ ८ ठेवा, फोकस वर सांगितल्यासारखा अंगानं.

दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाही. १२, २० आणि ३६ मिलिमीटरचा संच येतो. पन्नासच्या लेन्समागे तिन्ही लावल्या तर किडा खऱ्या आकाराच्या सव्वापटीहून मोठा येतो. तुम्ही छत्तीसच्या एकाच नळीनं सुरुवात करा. यातली अडचणही सांगतो. दोन्हींत लेन्स किड्याच्या फार जवळ न्यावी लागते आणि फुलपाखरू तेवढं जवळ येऊ देत नाही. मुंग्या, ढेकण्या, फुलावरचे छोटे भुंगे, पानाखालची अंडी यांवर मात्र हात छान बसतो.

कासच्या पठारावर जायचीही गरज नाही. मिरज-सांगलीकडे कुठल्याही बांधावर एकदांडी असते, पांढऱ्या पाकळ्यांची आणि लांब दांडीची. ती जवळजवळ वर्षभर फुलते आणि लहान फुलपाखरांना फार आवडते. दांडी लांब असल्यानं मागची जमीनही आपोआप धूसर होते. शाळेच्या कुंपणालाच सापडेल बघा.

प्रश्न : एका ओळखीच्या फोटोग्राफरनं सांगितलं, की फुलपाखरू डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं आणि मग फुलावर ठेवायचं, ते हलत नाही. मी अजून केलं नाही. करावं का? (वाई)

केलं नाहीत हे फार बरं झालं. करू नका.

किड्यांच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. गार पडला की त्याला पंख उघडता येत नाहीत, पळता येत नाही. तो शांत बसलेला नसतो, असहाय झालेला असतो. पुष्कळ फुलपाखरांचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य दोन-चार आठवड्यांचं. त्यातला एक दिवस आपण एका फोटोसाठी काढून घ्यायचा, तो पकडताना पंखांवरची भुकटी खरवडायची, आणि शुद्धीवर येईपर्यंत त्याला पाखरांपुढे उघडं टाकायचं. मला हे सहन होत नाही. शिवाय काही जातींची फुलपाखरं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, त्यांना पकडणं हा गुन्हाच आहे.

फोटोही खोटा येतो. गारठलेल्या फुलपाखराचे पाय फुलाला धरत नाहीत, मिशा पडलेल्या असतात, सोंड गुंडाळलेली असते. ज्यानं शंभर फुलपाखरं पाहिलीत त्याला ते पहिल्या नजरेत कळतं.

तुम्हाला गार किडाच हवा असेल तर तो पहाटे मिळतो, फुकट आणि राजीखुशीनं. सप्टेंबरात आपल्याकडे सूर्य सव्वासहा-साडेसहाला उगवतो. त्याच्या आधी पोहोचा. गवताच्या काड्यांवर फुलपाखरं पंख मिटून झोपलेली असतात, अंगभर दव असतं. एक दृश्य तर मी दरवर्षी शोधतो. निळ्या पट्ट्यांची एक रानमाशी आहे. तिचे नर संध्याकाळी एकाच वाळक्या काडीवर जमतात आणि जबड्यानं काडी धरून रात्रभर तसेच लटकून झोपतात. तीन, चार, कधी सात-आठ, एकाखाली एक. बहुधा तेव्हा वारा पडलेला असतो, म्हणून ट्रायपॉड लावून फोकस किंचित सरकवत आठ-दहा फोटो घेता येतात आणि घरी ते जोडून पूर्ण माशी स्पष्ट करता येते. ऊन आलं की ते आधी मिशा पुसतात, मग पंख थरथरवतात आणि एकेक करून उडतात. ते उडेपर्यंत थांबा. मी तरी थांबतो.

प्रश्न : कासला आम्हाला वाटेवरूनच फोटो काढायला सांगतात. फूल आणि किडा दोन हातांवर असतो. आत दोन पावलं टाकली तर काय बिघडतं? (सातारा)

बिघडतं. मी ती दोन पावलं टाकलेली आहेत, म्हणून सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, तिथे एवढी गर्दी नसताना, एका फुलपाखरामागे मी सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या खडकावर, आतपर्यंत गेलो. फोटो मिळाला. परत वळलो तर माझ्याच बुटांचे ठसे ओळीनं दिसले आणि दर ठशात चिरडलेली सीतेची आसवं. निळीजांभळी, नखाएवढी. त्या खडकावर माती किती, तर कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. सीतेच्या आसवांना त्या मातीतून पुरेसं अन्न मिळत नाही, म्हणून ती मातीखालच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेऊन जगतात. असं काटकसरीनं उभं राहिलेलं रोप मी बुटानं दाबलं होतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून पाय वाढतच गेले आहेत. सगळ्यांनीच दोन-दोन पावलं टाकली तर काय उरेल?

वाटेच्या कडेलाही पुष्कळ असतं. नव्वद-शंभरची लेन्स असेल तर वाटेवर पोटावर झोपा आणि कडेच्या सोनकीवर नजर ठेवा. जवळून फोटो काढायचा हट्टच असेल तर सड्याऐवजी रस्त्याकडेची झाडी किंवा शेताचा बांध बघा. चाळकेवाडीकडे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: पवनचक्क्या उभ्या केल्यात तिथे वारा असणारच. तिथे फूल हातानं धरू नका, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसा, तेवढा आडोसा पुरतो.

प्रश्न : पिवळ्या फुलावर एक माशी दहा मिनिटं अजिबात हलली नाही. फोटो एकदम स्पष्ट आला. ती झोपली होती का? (सांगली)

नाही. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पाकळीच्या रंगाचे दोन लांब पाय दिसताहेत. तो खेकडा कोळी. हा जाळं विणून शिकार करत नाही, फुलावर दबा धरून बसतो आणि आलेल्या माशीला पुढच्या पायांनी कवळून मानेमागे चावतो. त्यातल्या काही जाती काही दिवसांत पांढऱ्याच्या पिवळ्या होतात. भर उन्हात किडा हलत नसेल तर आधी फुलाच्या खाली बघायचं. तुमचा फोटो मला फार आवडला. कोळ्याचे डोळे फोकसमध्ये असते तर अजून.

प्रश्न : आजोबा, मी सातवीत आहे. कासला दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानाला एक छोटा किडा चिकटला होता आणि पाय हलवत होता. बाबा म्हणाले फोटो काढ, मला वाटलं सोडवावं. काय करायला हवं होतं? (कोरेगाव)

बाळा, तुला वाईट वाटलं हे चांगलंच आहे. मलाही दरवेळी वाटतं. पण सोडवायचं नाही. दवबिंदूच्या पानावरच्या केसांना जे थेंब असतात ते दवाचे नसतात, डिंकासारखे चिकट असतात. किडा चिकटला की झाड त्याला हळूहळू पचवतं आणि मातीत न मिळणारं नत्र त्याच्यातून घेतं. ते त्याचं जेवण आहे. आणि तू ओढून काढलंस तर किड्याचे पाय-पंख डिंकातच राहतात, पानही फाटतं.

फोटो काढायचा तर सूर्य पानाच्या मागे येईल असा बस. मग प्रत्येक थेंबात एकेक दिवा लागल्यासारखा दिसतो. सकाळी नऊच्या आत बघ. दवबिंदूला गुलाबी फूलही येतं, वेगळ्या दांडीवर. त्याच्यावर कोण येतं ते वाटेवर बसून अर्धा तास बघ आणि वहीत लिही: किती वाजता, पंख दोन की चार, मिशा लांब की आखूड. पंख दोनच असतील आणि डोळे डोकंभर मोठे असतील तर ती मधमाशीसारखी दिसणारी दुसरीच माशी. वहीचं पान मला पाठव, पुढच्या अंकात आपण ते सगळ्यांना दाखवू.