वाचकांचे प्रश्न : शिफ्टची नोकरी, प्रार्थना आणि साक्ष

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात काम करतो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे पहाटेची प्रार्थना टिकत नाही. बसलो तरी मन कोरडंच राहतं. चर्चच्या उपासनेत ‘साक्ष द्या’, म्हणजे ख्रिस्ताचा आपला अनुभव इतरांना सांगा, असं ऐकतो, पण कामावर बोलायची भीड वाटते. शिवाय खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हा काय करावं?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : प्रार्थना घड्याळाला बांधली की शिफ्ट बदलताच सुटते. ती उठण्याला बांधा. कोणत्याही वेळी उठा, तोंड धुतलं की वीस मिनिटं बसायचं. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, छापील घ्या, कारण मोबाइलवर एक मेसेज आला की लक्ष गेलंच. प्रभू येशूने दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे (मत्तय 6:6). वेगळी खोली नसेल तर गच्चीही चालते.

आधी दोन मिनिटं गप्प राहा. मग बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. 119 वं स्तोत्र एका बैठकीत उरकू नका. त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, रोज एक पुरे. नंतर मार्कच्या शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं दोनदा वाचा, एक वाक्य वहीत उतरवा आणि त्यालाच धरून प्रार्थना करा. मन कोरडं पडतं ते बहुधा इथेच. आपण शास्त्र मिटतो आणि लगेच मागण्यांची यादी सुरू करतो. मग वाचलेलं वाचलेल्या जागीच राहतं. तरी काही दिवस कोरडे जाणारच, त्याने घाबरू नका. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रातच आहे. शब्द सुचत नसतील तेव्हा ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा.

साक्षीची सुरुवात बोलण्याने नको. शिफ्ट सोपवताना रिजेक्ट झालेले नग खरे लिहा, मशीनचा बिघाड पुढच्याला सांगून जा. रोज शेजारी उभा असणारा माणूस हे सगळं बघत असतो. तो एक दिवस विचारेल, तेव्हा उत्तर तयार हवं आणि ते सौम्यपणे, आदराने द्यावं, असं येशूचा शिष्य पेत्र सांगतो (1 पेत्र 3:15). ख्रिस्ताने तुमच्यात काय बदललं, एवढंच तीन-चार वाक्यांत, जेवणाच्या सुट्टीत सांगा. कोणाच्या देवाला नावं ठेवू नका. कामाच्या वेळेत पत्रकंही वाटू नका. त्या वेळेचा पगार तुम्ही घेता.

खंडेनवमीच्या पूजेत भाग घेणार नाही, हे सुपरवायझरला चार दिवस आधी, एकट्याला गाठून सांगा. ऐनवेळी सगळ्यांसमोर नकार दिला की तो अपमान वाटतो. आदल्या दिवशी मशीन पुसण्या-धुण्यात मात्र सगळ्यांत पुढे असा. पूजेच्या वेळी बाजूला शांत उभं राहता येतं. प्रसादाबाबत विश्वासणाऱ्यांत एकमत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 आणि 10 हे अध्याय मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयीच आहेत; ते तुमच्या पाळकांबरोबर बसून वाचा. नाही म्हणायचं ठरलं, तर हात जोडून म्हणा. देणाऱ्याने तो प्रेमाने दिलेला असतो.