वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षण संपलं, सर्टिफिकेटही आलं, पण वर्गात काय?

प्रश्न : मी जव्हार तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि खरंच छान झालं, सुलभक मॅडम इतक्या मनापासून शिकवत होत्या की घरी येताना डोक्यात नुसत्या कल्पना होत्या. मग दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरच्या ऑनलाइन कोर्सची लिंक आली आणि ग्रुपवर रोज मेसेज, इतके टक्के झाले, अमुक केंद्र, म्हणजे शाळांचा गट, मागे आहे, तारीख संपतेय. शेवटी मी भाकऱ्या करता करता व्हिडिओ चालू ठेवले, प्रश्न सोडवले, सर्टिफिकेट आलं. पण तीन महिन्यांनी बघते तर मी वर्गात आधी शिकवायचे तशीच शिकवतेय. हे ऑनलाइन कोर्स खरंच उपयोगाचे असतात का फक्त सर्टिफिकेटपुरते?

उत्तर : बाई, इतकं खरं लिहिलंत म्हणून आधी तुमचे आभार. सर्टिफिकेट आलं आणि वर्ग होता तसाच राहिला हा अनुभव राज्यभर हजारो शिक्षकांचा असणार, पण तो लिहून पाठवायला धाडस लागतं.

मी स्वतः बरीच वर्षं शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या कागदांवर "अतिशय उपयुक्त" वाचून खूप बरं वाटायचं, आणि दोन महिन्यांनी त्याच शिक्षकांच्या शाळेत गेलं की प्रशिक्षणात बनवलेलं साहित्य कपाटावर, पिशवीची गाठही सुटलेली नाही. सुरुवातीला मला शिक्षकांचाच राग यायचा. हळूहळू लक्षात आलं की पाच दिवसांत माणसाच्या डोक्यात जेवढं ओततो त्यातलं बरंचसं घरी पोचेपर्यंतच गळायला लागतं आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. जर्मनीत एबिंगहाउसने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून हे दाखवलं होतं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही वेळाने तीच परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं, तर एका दिवसातच जवळजवळ दोन तृतीयांश पुसट व्हायचं. आपलं प्रशिक्षण अर्थ नसलेलं नसतं, त्यामुळे तितकं वाईट होत नाही, पण उतार तोच. वेळेवर कोणी परत हात लावला नाही तर जातं.

ऑनलाइन कोर्सचा खरा उपयोग मला इथे दिसतो. पण आपण तो वापरतो उलटा. प्रशिक्षण ताजं असताना चार दिवसांत सगळा कोर्स धडाधड संपवतो आणि जेव्हा विसरायला लागतो तेव्हा तो कधीच उघडत नाही. निष्ठा या केंद्र सरकारच्या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमातला पायाभूत टप्प्याचा कोर्स 12 भागांचा आहे, तो सलग संपवण्यात काही अर्थ नाही, जिथे वर्गात अडलंय तिथला भाग त्या आठवड्यात काढायचा.

एक उदाहरण घेऊ, दुसरीतलंच. 42 वजा 17. निम्मा वर्ग 35 लिहितो. कारण मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं, चारातून एक तीन आणि सातातून दोन पाच, त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. त्यात आपल्या मराठीची गंमत बघा, आपण म्हणतो बेचाळीस, म्हणजे बोलताना दोन आधी येतो आणि चाळीस नंतर, मग काही मुलं ऐकून 24 लिहितात. आणि तुमच्या भागात तर मुलांच्या घरची भाषा वारली किंवा कोकणा, हा बेचाळीस शब्दच त्यांना शाळेत येऊन भेटलेला. आता ही अडचण समोर असताना कोर्समधला संख्याज्ञानाचा भाग उघडा आणि दहा मिनिटंच बघा, तुम्हाला तो वेगळाच ऐकू येईल. भाकऱ्या करताना चालू होता तेव्हा तुमच्याकडे प्रश्न नव्हता, म्हणून उत्तर कानावरून गेलं.

आणि बघायच्या आधी एक काम करा, वही घ्या आणि प्रशिक्षणात दशक सोडवण्याबद्दल, म्हणजे एक दशक मोडून दहा सुटे करण्याबद्दल, काय सांगितलं होतं ते आठवेल तेवढं लिहून काढा, चार ओळी का होईना, चुकलं तरी चालेल. हे मी उगाच सांगत नाहीये. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी तोच उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. म्हणून कोर्समधले मधले प्रश्नसुद्धा शक्य झालं तर व्हिडिओच्या आधी सोडवून बघा, गुणांसाठी नाही, स्वतःला काय आठवतंय ते कळायला.

मग दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढंच करा. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या, सतरा द्यायच्यात, सुट्या दोनच आहेत, आता काय करायचं? गठ्ठा मुलांनाच सोडू द्या. रबर निघून दहा काड्या हातात आल्या की वहीतलं दशक सोडवणं मुलाला दिसतं. संध्याकाळी टाचण वहीत दोन ओळी लिहा, काय जमलं, कोण अडलं. आणि आठवड्याने कोर्सचा तोच भाग परत बघा, नवीन नाही, तोच. मला वाटतं महिन्याला असा एकच भाग झाला तरी वर्षभरात वर्ग बदललेला दिसेल, आणि नवीन शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला जे 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यायला सांगितलेत ते असे गेले तर कारणी लागतील.

सर्टिफिकेट तुमच्याकडे आहेच, ते असू द्या. बॅचची तारीख संपली असेल तरी ज्या विषयाचा व्हिडिओ हवा तो ॲपमध्ये शोधून बघा, आणि बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला तर त्या त्या पाठाचं साहित्य सरळ उघडतं, त्याला कोणती बॅच लागत नाही.

प्रश्न : मी केंद्रप्रमुख आहे, माझ्याकडे 14 शाळा. प्रशिक्षणानंतरचा ऑनलाइन कोर्स सगळ्यांनी करावा म्हणून मागे लागावं लागतं, वरून रोज टक्केवारी मागतात. वाईट याचं वाटतं की काही जण प्रश्नांची उत्तरं एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. कडक वागावं का?

उत्तर : सर, कडक वागून उत्तरं फिरायची थांबणार नाहीत, फक्त तुमच्या नसलेल्या ग्रुपवर फिरतील. शिक्षक हे का करतात बघा ना, हातात तारीख आहे, शेजारच्या केंद्राशी तुलना आहे, आणि विचारलं जातंय ते फक्त झालं का. काय शिकलात हे कोणीच विचारत नाही, मग माणूस जे विचारलं जातं तेवढंच पूर्ण करतो.

तुमच्या हातात एक फार मोलाची गोष्ट आहे, महिन्याची शिक्षण परिषद. तिथे बऱ्याचदा सूचना आणि परिपत्रकं वाचण्यातच वेळ जातो. त्यातला पाऊण तास कोर्ससाठी राखा. परिषदेच्या आधी सगळ्यांनी कोर्सचा एकच ठरलेला भाग बघायचा, आणि येताना स्क्रीनशॉट नाही, एका मुलाच्या वहीचं पान आणायचं, जिथे त्या भागातली गोष्ट करून बघितलीय. जमलेलं पान नको, अडलेलं पान आणा असं मुद्दाम सांगा. मग तीन-तीन शिक्षकांच्या गटात ती पानं बघा. वहीचं पान व्हॉट्सॲपवरून उतरवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या वर्गातल्या मुलाची चूक बघितली की शिक्षक जे बोलायला लागतात ना, ते मी कुठल्याही भाषणानंतर ऐकलेलं नाही.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी 1980 च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणावर काम केलं, त्यांचं म्हणणं असं की सिद्धांत सांगितला, करून दाखवलं, सराव घेतला तरी वर्गात फारसं उतरत नाही, सोबतीला कोणीतरी येऊन बघणारं, बोलणारं असलं की मग उतरतं. ऑनलाइन कोर्स पहिल्या दोन गोष्टी चांगल्या करतो, ही सोबत तो देऊ शकत नाही, ती तुम्ही आणि शेजारच्या शाळेतला शिक्षक देऊ शकतो. जवळच्या दोन शाळांच्या जोड्या लावा, महिन्यातून एकदा एकमेकांचा एक तास बघायचा, शेरा लिहायचा नाही, फक्त चहा पिता पिता बोलायचं. तुम्ही शाळाभेटीला जाल तेव्हाही तपासणीची वही दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि विचारा, त्या भागातलं काय करून बघितलंत, मला पण दाखवा.

वरची टक्केवारी द्यावी लागणारच, द्या. पण ग्रुपवर कोण मागे आहे याची यादी टाकणं बंद करा, मी हात जोडून सांगते. पंचवीस वर्षं मुलं घडवलेल्या माणसाचं नाव लाल रंगात टाकलं की तो कोर्स पूर्ण करतो, पण नंतर त्याला मनाने हात लावत नाही.

प्रश्न : माझं वय 54, शाळेत नेटवर्क येत नाही, टेकडीवर जावं लागतं. तरुण शिक्षक भराभर करतात, मला लाज वाटते. काय करू?

उत्तर : गुरुजी, लाज कसली, मुलं कशी शिकतात हे तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं त्या तरुणांना अजून माहीत व्हायचंय. आठवडी बाजाराला किंवा मीटिंगला तालुक्याला जाता तेव्हा दीक्षा ॲपमध्ये कोर्सचे भाग डाउनलोड करून घ्या, ते नंतर नेटशिवाय चालतात, तुमची प्रगती नेटवर्कमध्ये आलात की वर जाते. दरवेळी लॉगिन एकाच खात्याने करा, एकदा मोबाइल नंबरने आणि एकदा ईमेलने केलं तर अर्धा कोर्स इकडे आणि अर्धा तिकडे दिसतो आणि माणूस हैराण होतो. सर्टिफिकेटच्या आधी प्रोफाइलमध्ये नाव नीट आहे का बघा.

आणि तुमच्या शेजारच्या शाळेत तो भराभर करणारा तरुण शिक्षक असेल ना, त्याला सांगा तू मला फोन शिकव, मी तुला एकाच खोलीत चार इयत्ता कशा सांभाळायच्या ते दाखवतो. शनिवारी शाळा सुटल्यावर बसा दोघं.