भाचा म्हणतो रुपया संपणार, मग एफडी मोडू का?

ताई, तुमचं पत्र वाचलं, दोन्ही पावत्यांचे फोटोही पाहिले. साडेचार लाखांच्या पावतीच्या कोपऱ्यात तुम्ही निळ्या पेनने लिहिलंय, 'फी, पुढचा जून'. माझं उत्तर त्या तीन शब्दांतच आहे. हे पैसे मोडू नका.

भाचा म्हणतो २०३० पर्यंत बँका आणि रुपया राहणार नाहीत, म्हणून दोन्ही पावत्यांचे मिळून आठही लाख बिटकॉइन या आभासी चलनात टाका. त्याचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण अशी भाकितं मी बरीच वर्षं ऐकतेय. २०१९ मध्ये फेसबुकने लिब्रा नावाचं जागतिक चलन जाहीर केलं, २०२२ च्या सुरुवातीला तो प्रकल्प गुंडाळला. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाने २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं आणि २०२५ मध्ये दुकानदारांवरची ते घेण्याची सक्ती काढून टाकली. टिम ड्रेपर हे अमेरिकेतले नावाजलेले गुंतवणूकदार. २०२२ अखेर बिटकॉइन अडीच लाख डॉलरवर जाईल असं ते सांगत होते. त्या डिसेंबरात भाव सतरा हजारांच्या आसपास होता.

आपल्याकडेही नोटबंदीनंतर रोकड संपणार म्हणत होते. यूपीआय खरोखरच भाजीवालीपर्यंत पोचलं, पण चलनातल्या नोटाही तेव्हाच्या जवळपास दुप्पट झाल्या. शिवाय यूपीआयने जातो तो रुपयाच, आणि तोही बँकेच्या खात्यातून.

बिटकॉइन वाढणारच नाही, असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ६९ हजार डॉलरच्या घरात होता. तेव्हा आठ लाख टाकले असते, तर वर्षभराने त्याचे दोनेक लाख उरले असते. मार्च २०२४ मध्ये तो भाव परत आला, म्हणजे ज्याला थांबता आलं त्याचं निभावलं. पण २०२३ च्या जूनमध्ये ज्याच्या मुलीची फी भरायची होती, त्याने काय करायचं? कॉलेज थांबत नाही हो. त्यात नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस म्हणजे उपकर, विकताना १ टक्का टीडीएस म्हणजे आधीच कापलेला कर, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा करता येत नाही. एफडी मुदतीआधी मोडल्याचं व्याजही कापलं जाईल, ते वेगळंच.

भाच्याचं मन मोडवत नसेल, तर महिन्याच्या शिलकेतून हजार-दोन हजार बाजूला काढा. ते सगळे गेले तरी घरात कुणाची झोप उडणार नाही, एवढेच.

मात्र त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला पटली, ती म्हणजे बँक बुडण्याची भीती. तुमच्या दोन्ही पावत्या एकाच सहकारी बँकेतल्या आहेत. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच मिळतं, तेही मुद्दल आणि व्याज धरून. म्हणजे तुमचे तीन लाखांहून जास्त आज उघड्यावर आहेत. भविष्यातल्या पैशापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. साडेतीन लाखांच्या पावतीची मुदत दोन महिन्यांत संपतेय. ती तिथेच पुन्हा लावू नका, दुसऱ्या बँकेत ठेवा, आणि मुदत संपण्याची तारीखही जूनच्या आधीची घ्या. पावती आपोआप नूतनीकरणाला टाकलेली दिसतेय. ते बंद करण्याचा अर्ज याच आठवड्यात बँकेत द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.