पोटरीत गोळा येतो तो वातच असेल असं नाही : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. माझे मामंजी ६४ वर्षांचे आहेत, सगळा जन्म तंबाखूच्या शेतात गेला, दिवसाला बिडीचं एक बंडल लागतंच, आणि शुगर १२ वर्षांपासून आहे. गेले सहा-सात महिने स्टँडपासून बाजारापर्यंत चालत निघाले की वाटेत दोनदा थांबतात, डाव्या पोटरीत गोळा येतो म्हणतात, दोन मिनिटं उभे राहिले की जातो, परत चालले की परत तेच. कोण म्हणतंय वात आहे, कोण म्हणतंय मणका, तेल लावून मालिश चालू आहे. माझ्या दिरांनी पुण्याहून लॅबचं एक पॅकेज पाठवलंय, त्यात सीआरपी, होमोसिस्टीन, लायपोप्रोटीन ए, डी-डायमर असं बरंच काय काय आहे आणि पैसेही बरेच आहेत. करून घेऊ का?

उत्तर : ताई, पॅकेज आधी बाजूला ठेवा. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे. मणक्याचं दुखणं असलं की माणसाला बसावं लागतं किंवा पुढं वाकावं लागतं तेव्हा बरं वाटतं, नुसतं उभं राहून ते सहसा थांबत नाही. मामंजींचं उभं राहिल्यावर दोन मिनिटांत जातंय आणि ठरावीक अंतर चाललं की परत येतंय, म्हणजे चालताना पोटरीला जेवढं रक्त लागतं तेवढं खाली पोचत नाहीये. पायाच्या धमन्यांत चरबीचा थर साचून त्या अरुंद होतात, त्याला पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणतात. मामंजींना हाच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

याची पहिली तपासणी रक्ताची नाहीच. झोपवून दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर बीपी बघायचं, घोट्याजवळ स्टेथोस्कोपऐवजी छोटा डॉपलर, म्हणजे रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावतात, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं. समजा दंडावर १५० आणि घोट्यावर ९६ आलं तर उत्तर ०.६४. १.०० ते १.४० नॉर्मल, ०.९० किंवा त्याखाली आलं की आजार आहे असं धरतात, मधलं काठावरचं. पण शुगर जुनी असली, किडनी बिघडलेली असली की धमन्या चुन्यासारख्या कडक होतात, पट्ट्यानं दाबल्या जात नाहीत आणि आकडा १.४० च्याही वर येतो. त्याला चांगला रिपोर्ट समजू नका. मामंजींची शुगर १२ वर्षांची आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो, असं झालं तर पायाच्या अंगठ्यावरचं प्रेशर बघायला सांगा, त्यालाही दंडाच्या आकड्यानं भागून ०.७० च्या खाली आलं तर गडबड आहे.

आता पॅकेजमधल्या टेस्ट. त्या खोट्या नाहीत. सीआरपी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या सुजेची खूण, हाय सेन्सिटिव्हिटी टेस्टमध्ये ३ च्या वर असेल तर धोका जास्त मानतात, पण हिरड्या सुजल्या, सर्दी झाली, पायाला जखम असली तरी तो वाढतो. होमोसिस्टीन हा रक्तातला एक घटक, तो आपल्याकडं बी-१२ कमी असलेल्या बऱ्याच लोकांत वाढलेला असतो, पण मोठमोठ्या अभ्यासांत व्हिटॅमिन देऊन तो खाली आणला तरी हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. डी-डायमर, फायब्रिनोजेन हे रक्त गोठण्याशी संबंधित घटक या आजारात वाढलेले सापडतात, मात्र त्यावरून औषध बदलत नाही. लायपोप्रोटीन ए हा कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, त्याचं प्रमाण आईबापाकडून येतं, ते आयुष्यात एकदा बघून ठेवलं तर चांगलंच, विशेषतः घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर. पण यातली एकही टेस्ट पायाची धमनी बंद आहे का ते सांगत नाही. त्या पैशात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), किडनीसाठी क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, आणि ईसीजी करा. ईसीजी का, तर पायाची धमनी अरुंद असलेल्या माणसाच्या हृदयाची आणि मेंदूचीही तशीच असण्याची भीती असते, आणि अशी माणसं पायापेक्षा हार्टनं जास्त दगावतात.

आणि बिडी. ती बंद व्हायलाच पाहिजे ताई, कमी करून भागणार नाही. निकोटीननं धमनी आवळते, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन पळवतो, धमनीचं आतलं अस्तर खरवडलं जातं, आणि वरून शुगर. या आजाराची ही दोन सगळ्यात मोठी कारणं आणि मामंजींना दोन्ही आहेत. ज्या पिकावर घर उभं राहिलं त्यालाच नाव ठेवायचं म्हातारपणी जड जातं हे मला ठाऊक आहे, माझ्याकडं तुमच्या भागातून येणारे निम्मे पेशंट हेच बोलतात. त्यांना रागावू नका, सोडायला गोळ्या आणि निकोटीनचं च्युइंगम मिळतं, ते डॉक्टरांना विचारा.

औषधात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आणि रक्त पातळ ठेवणारी एक गोळी बहुतेक लागेल, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, जमलं तर ५५ च्या खाली आणतात. मालिशनं बंद धमनी उघडत नाही. चालणं मात्र थांबवू नका. दुखायला लागेपर्यंत चालायचं, थांबायचं, गेलं की परत चालायचं, असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, १२ आठवडे नेटानं केलं की अंतर वाढतंच.

पायाकडं रोज रात्री बॅटरी लावून बघा. गेल्या वर्षी अथणीकडचे एक आजोबा आले होते, नवी कोल्हापुरी चप्पल करंगळीला चावली एवढंच, शुगरमुळं पाय बधिर, दुखलंच नाही, हळद लावून तीन आठवडे घरी काढले. आले तेव्हा बोट काळं पडलं होतं आणि ते काढावं लागलं. मामंजींना नवी चप्पल पहिल्यांदा घरात अर्धा तास घालायला लावा. रात्री झोपेत पाय दुखून खाटेवरून खाली सोडावासा वाटला किंवा जखम आठ दिवसांत भरेना तर लगेच व्हॅस्क्युलर सर्जनकडं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं न्या. आणि पाय अचानक गार, पांढरा पडून भयंकर दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, काही तासांतच पाय हातचा जातो.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, वय ५२, बिडी-सिगारेट नाही पण २० वर्षं दिवसातून दोनदा मिश्री लावते. मलाही हा आजार होईल का?

उत्तर : या आजाराशी सगळ्यात पक्कं नातं धुराचं आहे, पण मिश्रीतलं निकोटीनही हिरड्यांतून रक्तात जातं आणि नाडी, बीपी वाढवतं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. बायकांना पाळी गेल्यानंतर धमन्यांचं संरक्षण कमी होतं आणि त्यांचं दुखणं नेहमी पोटरीतल्या गोळ्यासारखं नसतं, नुसते पाय जड पडतात, आणि मग सगळे वय झालं म्हणतात. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल एकदा बघून घ्या, त्यातलं एक जरी वाढलेलं निघालं तर तिथंच घोट्यावरचं बीपीही मोजायला सांगा.