रोबोटच्या वायरिंगचा गुंता होऊ नये म्हणून पटकन निघणारे कनेक्टर कोणते लावावेत?

कोणते ते सांगतो, पण आधी लावायचेच का यावरून आमच्या टीममध्ये झालेलं भांडण ऐका. तुमच्याकडेही असा एक सीनियर असणारच.

आमचा म्हणायचा, "जोड वाढले की भानगडी वाढल्या." रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेच्या, रोबोटमध्ये त्याने मोटरच्या आणि सप्लायच्या सगळ्या वायरी थेट ड्रायव्हरच्या (मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या) बोर्डवर सोल्डर केल्या. वर हिटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी), दर दोन इंचांवर केबल टाय. तेल लावून घातलेल्या वेणीसारखं दिसायचं. पुण्यात बालेवाडीला स्पर्धेच्या पिटमध्ये, म्हणजे रोबोट तयार करायच्या जागेत, शेजारच्या टीमची पोरं फोटो काढून गेली.

दुसऱ्या मॅचआधी मागच्या डाव्या चाकाचा ड्रायव्हर गेला. स्पेअर होता, वेळ नव्हता. टाय कापा, हिटश्रिंक सोला, चार जाड वायरी सोडवा. 25 वॅटच्या आयर्नने त्या वायरींवरचं सोल्डर वितळेचना. मी पक्कडीने धरलंय, तो डाग देतोय, बाहेरून आमच्या टीमचा पुकारा सुरू. घाईत सप्लायची लाल-काळी अदलाबदल झाली. बॅटरी लावली आणि फट्! सप्लाय उलटा पडला की ड्रायव्हरच्या एच-ब्रिजमधल्या (मोटर सुलट-उलट फिरवणाऱ्या सर्किटमधल्या) मॉसफेट स्विचांचे आतले डायोड चालू होतात आणि बॅटरी सरळ शॉर्ट होते. नवा ड्रायव्हर गेला, पाठोपाठ मेन फ्यूज. तीन मिनिटांची मॅच आमचा रोबोट स्टार्ट झोनमध्ये मूर्तीसारखा उभा.

तिथे एक्सटी-60 हा दोन पिनांचा पॉवर कनेक्टर हवा होता. त्याच्या एका बाजूचे कोपरे छाटलेले असतात, उलटा बसतच नाही. दहा सेकंदांचं काम होतं.

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आदल्या वर्षी एन्कोडरचा (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरचा) रिलिमेट, म्हणजे छोटा पांढरा सिग्नल कनेक्टर, निसटून रोबोट भलतीकडे पळाला होता. पण त्या पिना आम्ही नोज प्लायरने दाबलेल्या! पुण्याच्या तापकीर गल्लीतून कनेक्टर आणले, वायरीवर पिन नीट दाबून बसवणाऱ्या क्रिंपिंग टूलला मात्र "कशाला खर्च" म्हणून याच महाशयांनी नाही म्हटलं. दोष कुणाचा? शिवाय सोल्डर वायरीच्या तारांत आत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी वायर बरोबर तो संपतो तिथे तुटते. पुण्याहून परतल्यावर त्या वेणीतल्या दोन वायरी तशाच तुटलेल्या निघाल्या. हे तो कुणाला सांगत नाही.

तर बॅटरीला एक्सटी-60, आणि भोकांचा भाग बॅटरीकडे, म्हणजे उघडी पिन कधी लाइव्ह राहत नाही. डाग देताना त्याच्या जोडीचा दुसरा कनेक्टर खोचून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते. नावात 60 असलं तरी सतत 30 अँपिअरच धरा. मोटरला एक्सटी-60 नको, अँडरसनचे पॉवरपोल कनेक्टर लावा. बॅटरी आणि मोटरचं कनेक्टर एकच असेल तर कोणीतरी कधीतरी चुकीचं खोचणारच. एन्कोडर-सेन्सरला लॉकवाला रिलिमेट, त्यातही 5 व्होल्टला तीन पिनी तर सिग्नलला चार, असा फरक ठेवा. डुपाँटच्या, म्हणजे नुसत्या खोचायच्या जंपर वायरी टेबलावरच्या टेस्टिंगपुरत्या, रोबोटवर नकोत. क्रिंप केलेली प्रत्येक वायर ओढून बघा. निघाली तर तिथेच निघू दे.

लेबलं, रंग वगैरे तुम्ही करत असालच.

एक राहिलं. तुमचा रोबोट लाइन फॉलोअरएवढा (जमिनीवरची रेघ पकडून चालणाऱ्या छोट्या रोबोटएवढा) असेल तर यातलं निम्मं विसरा, दोन रिलिमेट पुरतात. आणि बोर्डच्या आतल्या जोडांना सोल्डरच बरा, तिथे सीनियर बरोबर होता. ही कबुली ग्रुपवर टाकली तर तो स्क्रीनशॉट काढून ठेवेल, म्हणून इथेच लिहितोय.