वाहन सल्ला : आधी ढिलाई शोधा, मग अलाइनमेंट करा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९९२ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि खानापूर, जांबोटी, बेळगाव असा तिचा नेहमीचा प्रवास असतो. गेल्या पावसाळ्यापासून ताशी पंचावन्न-साठच्या वेगाला, विशेषतः खड्ड्यातून चाक गेल्यावर, स्टिअरिंग जोराने थरथरते. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजली आहे. एका गॅरेजमध्ये दोनदा अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) केले, टाय रॉड एंडही (चाके वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) बदलले, तरी फरक पडला नाही. आता स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोहोचवणारी गिअरची पेटी) बदलावा लागेल, असे सांगतात. ते योग्य आहे काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : स्टिअरिंग बॉक्स बदलण्याचा निर्णय कृपया तूर्त थांबवावा. आपण दिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय किंगपिन (ज्याभोवती पुढचे चाक वळते ती उभी पिन) आणि त्याच्या बुशांवर (पिनभोवतीच्या नळ्यांवर) जातो. पद्मिनीच्या पुढच्या चाकाचा भार व वळण दोन्ही या पिनवर असतात. ग्रीस वेळेवर मिळाले नाही आणि आपल्या भागातील तांबडा चिखल आत शिरला, की बुश झिजतात, चाकाचा वरचा भाग आत कलतो आणि टायरची आतली कड खाल्ली जाते.

अशा ढिल्या जोडांवर केलेले अलाइनमेंट का टिकत नाही, हे समजून घ्यावे. या गाडीत मागची चाके ढकलतात आणि पुढची चाके रस्त्याचा विरोध सोसत धावतात. त्या विरोधामुळे पुढची चाके किंचित बाहेर फाकू पाहतात, म्हणूनच उभ्या गाडीत त्यांना थोडा टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळवणे) दिलेला असतो. जोड घट्ट असतील तर हा हिशेब जुळतो. जोड ढिले असतील तर मशीनवर अचूक दिसलेले माप गाडी रस्त्यावर धावू लागताच बदलते. आपण दोनदा दिलेले पैसे याच कारणाने वाया गेले असावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तपासणी अशी करावी. गाडी सपाट जागी उभी ठेवून, चाके जमिनीवरच असताना, एका व्यक्तीला स्टिअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवायला सांगावे आणि दुसऱ्याने बॉक्सपासून चाकापर्यंतचा प्रत्येक जोड बोटाने चाचपत जावे. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो, पण बाहेर येणारा आर्म हलत नाही, असे दिसले तरच दोष बॉक्सचा. आर्म हलतो पण पुढचा दुवा उशिरा हलतो, तर त्या दोहोंमधला जोड झिजलेला आहे. आयडलर आर्मकडे (बॉक्सच्या विरुद्ध बाजूला स्टिअरिंगचा दांडा पेलणाऱ्या आर्मकडे) या वेळी मुद्दाम पाहावे. टाय रॉड एंड बदलताना तो बहुधा तसाच राहतो.

नंतर चाक पेलणाऱ्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक उचलावे आणि चॅसीखाली भक्कम घोडी ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली हात घालू नये. चाक वरून व खालून धरून हलवावे. हलले, तर एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली, तर दोष व्हील बेअरिंगचा. ती तशीच राहिली, तर किंगपिनचा किंवा सस्पेन्शन आर्मच्या बुशांचा. या एका चाचणीने बरेच निदान होते, म्हणून ती मेकॅनिकसमोर उभे राहून करून घ्यावी. टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलल्यास किंगपिनची उभी ढिलाईही कळते.

डावीकडे ओढण्याचे कारण वेगळे असू शकते. आपले रस्ते मध्यभागी उंच असल्यामुळे डाव्या बाजूने चालणारी गाडी थोडी डावीकडे झुकतेच. ओढ त्याहून अधिक असेल तर हवेचा दाब पाहून पुढचे दोन टायर अदलाबदल करावेत. ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. तसे न झाल्यास दहा-बारा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहावे. डावा जास्त तापला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक अडकत आहे.

किंगपिन बदलताना नवे बुश नीट रीम करून (आतून पिनच्या मापाला कातून) घ्यावेत. त्यानंतर व्हील बॅलन्सिंग आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट, हा क्रम मोडू नये. बॉक्सचा स्क्रू उगाच कसू नये: मधोमध झिजलेला बॉक्स तिथे घट्ट केला, की पूर्ण वळणावर तो अडकतो आणि घाटात ते जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात दर महिन्याला, चाक उचलून, डावीउजवीकडे फिरवत, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे. निपलवर (ग्रीस भरण्याच्या तोंडावर) चिखल किंवा रंग बसला असेल, तर ग्रीस आत जातच नाही.

प्रश्न : माझ्या अ‍ॅम्बॅसॅडरचे मागचे पाटे बदलल्यापासून सरळ जाताना स्टिअरिंग तिरके राहते. पुढे काही बिघडले असेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : पुढे हात लावण्यापूर्वी मागे पाहावे. पाट्याचा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र बांधणारा) त्याच्या खाचेत बसला नाही किंवा यू बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) ढिले राहिले, तर मागचा अ‍ॅक्सल एका बाजूने पुढे किंवा मागे सरकतो आणि गाडी किंचित तिरकी धावते. ती सरळ ठेवण्यासाठी चालकाला स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे. ते सारखे नसेल, तर पाटे पुन्हा बसवून घ्यावेत. नवे पाटे काही दिवस चालल्यावर थोडे बसतात, त्यामुळे गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना यू बोल्ट पुन्हा एकदा कसून घ्यावेत.