दीड किलोच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पेटीऐवजी लगेच आईच्या छातीशी ठेवलं तर चालतं का?
हो, बाळ स्वतःहून श्वास घेत असेल तर चालतं; इतकंच नाही, तर तेच जास्त चांगलं. पूर्वी आधी पेटीत तब्येत स्थिर होऊ द्यायची आणि मग कांगारू मदर केअर (म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणं), असा शिरस्ता होता. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारतात (दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय) 1 ते 1.8 किलोच्या सुमारे 3200 बाळांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये आले: जन्मानंतर लगेच छातीशी घेतलेल्यांपैकी 12 टक्के बाळं 28 दिवसांच्या आत दगावली, जुन्या पद्धतीत 15.7 टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. दिवसाला 8 ते 24 तास, जितकं जमेल तितकं ठेवावं, असं याच संघटनेच्या 2022 च्या शिफारशीत आहे. आई थकली तर बाबा किंवा आजीनेही घ्यावं, त्यात संकोच कसला! मात्र बाळ व्हेंटिलेटरवर किंवा शॉकमध्ये (रक्ताभिसरण धोकादायकरीत्या मंदावलेलं) असेल तर थांबावं लागतं. शिवाय आईला नवजात अतिदक्षता विभागातच खाट मिळायला हवी, आणि बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते तिथेच. प्रवेश घेतानाच हे विचारा.